डोक्यावर तवा, पाठीमागे भट्टी : अकोल्यातल्या एका टिनाच्या शेडचं उष्णतारोधन

पार्श्वभूमी

अकोल्यातल्या एका जुन्या वस्तीत, घरामागच्या आवारात १२ बाय १८ फुटांची टिनाची शेड आहे. आधी तिच्यात सरपण, सायकली आणि हिवाळ्यात गुंडाळून ठेवलेला कूलर असायचा. पुढे घरातल्या ताईंनी तिथे शिलाई मशीन नेऊन ठेवलं. एकाची चार मशीनं झाली, कटिंगचं टेबल आलं, इस्त्रीचा कोपरा झाला आणि वस्तीतल्या तीन बायका रोज कामाला येऊ लागल्या. मुख्य काम ब्लाउजचं. शिवाय फॉल-पिको आणि लग्नाच्या घागऱ्यांची दुरुस्ती.

ताईंची ओळख पटू नये म्हणून नाव, वस्ती आणि घरातले काही तपशील गाळले आहेत. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. त्यांच्या दिरांचं घर मी बांधून दिलं होतं, त्या ओळखीतून हे काम आलं. इतकं लहान काम मी एरवी घेत नाही, पण मोठ्या कामात न शिकलेल्या दोन-तीन गोष्टी या शेडने शिकवल्या.

शेडची ठेवण आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. छत एकाच बाजूला उताराचं, पश्चिमेकडे खाली झुकणारं. उंची पूर्वेला साडेनऊ फूट, पश्चिमेला साडेआठ. पूर्वेला घराची विटांची भिंत, बाकी तिन्ही बाजूंना पत्रा. अठरा फुटांची लांब बाजू पश्चिमेला. तिच्या आणि कंपाउंडच्या मध्ये दोन फुटांची बोळ, पलीकडे मोकळा प्लॉट. दार एकच, दक्षिणेला. उत्तरेच्या खिडकीत कूलर. छताच्या मधोमध फायबरचा एक पारदर्शक पत्रा, उजेडासाठी.

अडचण

विदर्भात लग्नसराई आणि उन्हाळा हातात हात घालून येतात. वर्षभराची कमाई ज्या एप्रिल-मेमध्ये व्हायची, त्याच दोन महिन्यांत शेडमध्ये बसवत नाही. २०२४ च्या मेअखेरीस अकोल्यात उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनाने कलम १४४ खाली आदेश काढले. कामगारांना पाणी आणि पंख्याची सोय करा, कोचिंग क्लास दुपारी भरवू नका, असं त्यात होतं. घरामागच्या शेडमध्ये चार मशीनं चालवणाऱ्या बाईला असला आदेश कुणी वाचून दाखवत नाही. तिने आपणच काम अकरा ते पाच बंद ठेवलं आणि रात्री दहापर्यंत बायकांना थांबवलं. त्यातली एक रात्री एकटी घरी जायला घाबरायची, तिने काम सोडलं. वहीतल्या नोंदीप्रमाणे एरवी दिवसाला वीस-बावीस ब्लाउज निघायचे. त्या मेमध्ये सरासरी चौदा निघाले, आणि दोन लग्नांच्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, "बारा वाजता डोक्शावर तवा ठेवल्यासारखं वाटते भाऊ, अन् तीन वाजल्यापासून पाठीमागं भट्टी."

हे वाक्य मी वहीत लिहूनही घेतलं होतं. पण त्यातलं अर्धंच माझ्या कानात शिरलं.

मोजमाप

मी दुपारी दीड वाजता मोजणी केली. बाहेर कडुलिंबाच्या सावलीत ४३ अंश. कूलर बंद ठेवून शेडमध्ये डोक्याच्या उंचीला ४७, चालू केल्यावर अर्ध्या तासाने ३६. पत्र्याची खालची बाजू ६६ अंश.

हा शेवटचा आकडा मिळवताना एक गंमत झाली. हातातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने, म्हणजे ज्याला सगळे 'गन' म्हणतात त्याने, पत्रा आधी पन्नासच्याही खाली दाखवला. हात लावला तर चटका बसला. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर फेकत नाही, समोरच्या वस्तूंचीच परावर्तित करतो, त्यामुळे गन फसते. पत्र्याला काळी इन्सुलेशन टेप चिकटवून पाच मिनिटांनी त्या टेपवर गन धरली, तेव्हा खरा आकडा आला. कुणी ठेकेदार नव्या कोऱ्या पत्र्यावर गन धरून "बघा किती थंड" म्हणाला, तर खिशात टेपचा तुकडा असू द्यावा.

मग हिशेब. छत साधारण २० चौरस मीटर. पत्रा आतून ६५ अंशांवर असेल आणि खोली ३० वर ठेवायची असेल, तर दर चौरस मीटरला दोनशे वॉटच्या आसपास उष्णता खाली उतरते. वीस चौरस मीटरला ४ किलोवॉट. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता उपसतो. म्हणजे एक टनाचा एसी नुसतं छतच गिळून टाकणार. माणसं, मशीनं आणि इस्त्री अजून बाकीच. त्या बायका घामाघूम का होत्या, हे या हिशेबात होतं. कूलरच्या झोताने अंगाभोवतीची हवा निवते, पण पत्र्यातून निघणारे उष्णतेचे किरण त्या झोताला न जुमानता सरळ डोक्यावर पडतात.

पर्याय

एसीचा विषय ताईंच्या मुलाने काढला होता. दीड टनाचा हप्त्यावर घ्यायचा, इतका साधा विचार. वरचा हिशेब दाखवल्यावर त्याने तो स्वतःच बाजूला ठेवला. उघड्या पत्र्याखाली एसी म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणं. शिवाय इस्त्रीची वाफ आणि सारखं उघडणारं दार. स्लॅब टाकायचा तर खाली कॉलम नव्हते. आणि अकोल्यात स्लॅबखाली जो रात्री झोपला आहे त्याला माहीत असतं, की दिवसभर प्यालेली उष्णता स्लॅब नऊ वाजल्यापासून ओकायला लागतो. टिन निदान सूर्य मावळला की तासाभरात निवतं.

गावठी उपाय ताईंनी आधीच करून पाहिले होते. एका वर्षी पत्र्यावर तुराट्या टाकल्या. सावली झाली, पण पहिल्या पावसात त्या भिजून कुजल्या आणि त्यांच्याखाली पत्र्याला गंज धरला. शेजारच्या प्लॉटवर लोक कचरा पेटवतात, तेव्हा छतावर वाळक्या तुराट्या ठेवणं मला तसंही नको होतं. दुसऱ्या वर्षी ग्रीन नेट बांधलं. ते पत्र्यापासून फूटभर वर ताणलं तर चांगलं काम करतं, पण मेमधल्या वावटळीने ते दोनदा फाडून नेलं. चुन्याचा हात मारणं स्वस्त आणि खरोखर गुणकारी, फक्त दर पावसाळ्यात धुऊन जातं. पांढरं छत थंड राहतं हे आता सरकारी धोरणांतही आलं आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी वेगळं धोरण जाहीर केलं. त्यामुळे पांढरा लेप कुठल्याही पर्यायासोबत करायचाच, हे पहिल्या दिवशीच ठरलं.

खरी निवड तिघांत होती. पत्रा काढून त्या जागी पफचं सँडविच पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेला तयार तुकडा. किंवा असलेल्या पत्र्याला खालून तोच फोम फवारणं. किंवा पत्र्याखाली रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची गादी, भरून त्याला बोर्डाचं छत लावणं.

जाडीच्या मानाने उष्णता अडवण्यात फोम सरस. ५० मिलिमीटर फोमचं काम करायला रॉकवूल साधारण ८० मिलिमीटर लागतं. पॅनेल सगळ्यात नीटनेटकं, पण भाडं, जुना पत्रा उतरवणं आणि नवे पाइप धरून आकडा ६२ हजारांवर गेला. इतक्या लहान कामासाठी पॅनेल कापून पाठवायला पुरवठादारही फारसा उत्सुक नव्हता. फवारणीवाल्यांचं तसंच. चौरस फुटाचा दर ११० रुपये, ऐकायला परवडणारा. पण यंत्र आणि माणसं नागपुराहून आणायची तर किमान ५० हजारांचं काम हवं. आमचं सव्वीस हजारांच्या आत बसत होतं. घरामागच्या शेडचं खरं दुखणं इथेच आहे: दर कारखान्याचा आणि क्षेत्रफळ कोंबड्यांच्या खुराड्याचं.

निर्णय

तरी मी फवारणीच्या बाजूने झुकलो होतो. शेजारचं एक दुकान आणि एक गोठा जोडून काम मोठं करता येईल, असा बेत होता. फोम पत्र्याला घट्ट चिकटतो, सगळ्या फटी बुजवतो, वजन नगण्य. मग एका सकाळी मी अंदाजपत्रक घेऊन ताईंकडे गेलो. त्या इस्त्री करत होत्या. पायाशी कातरणाचा गुडघाभर ढीग. इस्त्री उभी करून त्या माझ्याशी बोलायला वळल्या, आणि माझी नजर एकदा ढिगावर, एकदा छतावर आणि एकदा त्या एकुलत्या दारावर गेली.

फोम जळतो. अग्निरोधक रसायन घातलेला फोम ज्योत काढली की विझतो, हे खरं. पण कापडाचा ढीग पेटल्यावर ज्योत काढणार कोण? पॉलियुरेथेन जळताना धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. नमुन्याचा एक तुकडा मी अंगणात काडीने पेटवून पाहिला. तो विझला, पण जो काळा धूर निघाला तो बघून ताई म्हणाल्या, "हे माह्या बायांच्या डोक्शावर नाई लावाचं."

फोम जिप्समसारख्या बोर्डाने पूर्ण झाकला तर धोका बराच कमी होतो. पण मग बोर्ड आणि फ्रेमचा खर्च आलाच, आणि फवारणीचा हलकेपणाचा फायदा गेला. रॉकवूल दगड वितळवून काढलेल्या तंतूंचं असतं. ते पेट घेत नाही, हजार अंशांपर्यंत टिकतं. गोदाम असतं, कोल्ड स्टोरेज असतं, तर मी अजूनही फोमच निवडला असता. इथे जाडीतला तोटा पत्करून रॉकवूल घ्यायचं ठरलं.

आता करणार कोण? सिलिंगवाले पुष्कळ, पण त्यांच्यासाठी रॉकवूल म्हणजे बोर्डावर पसरून ठेवायची गादी. शेवटी एमआयडीसीत तेलमिलच्या बॉयलर-पाइपांना आणि एसीच्या डक्टना इन्सुलेशन करणारा एक ठेकेदार मिळाला. पहिल्या भेटीत त्याने विचारलं, "पत्रा गळतो का? आधी ते सांगा." हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच, म्हणून काम त्याला दिलं. बोर्डाचं काम त्याच्याच ओळखीच्या सिलिंगवाल्याने आणि पाइपांचं वस्तीतल्या वेल्डिंगवाल्याने करायचं ठरलं. तीन माणसं, तीन हिशेब. यातून पुढे त्रास झालाच.

अजून दोन निर्णय याच टप्प्यावर झाले. पश्चिमेच्या भिंतीलाही रॉकवूल लावायचं का? खर्च आणखी सतरा हजारांनी वाढत होता. दीड वाजताच्या माझ्या मोजणीत ती भिंत ४८ अंशांवर होती, छताच्या मानाने किरकोळ. मी म्हटलं, भिंत पुढच्या वर्षी. दुसरा निर्णय फायबरच्या पारदर्शक पत्र्याचा. त्यातून थेट ऊन आत येत होतं. रॉकवूलच्या छतात तेवढं भोक ठेवणं मला पटेना, म्हणून तो बंद करायचा ठरवला. ताई नाराज होत्या, पण "तुमाले कळते" म्हणून गप्प बसल्या. या दोन्ही निर्णयांची किंमत पुढे मोजली.

काम

काम फेब्रुवारी २०२५ च्या दुसऱ्या पंधरवड्यात झालं, लग्नसराईच्या आधी. माल बाहेर काढणं आणि मशीनं झाकणं धरून एकूण नऊ दिवस.

आधी वजन. शेडचे आडवे पाइप ४० मिलिमीटरचे, नुसता पत्रा पेलण्यापुरते. त्यांच्यावर आता रॉकवूल, फ्रेम आणि ६ मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड येणार. चौरस मीटरला साधारण १३-१४ किलो, म्हणजे एकूण पावणेतीनशे किलोंच्या आसपास. सिलिंगवाला "काही होत नाही साहेब" म्हणत होता. मी मध्ये दोन उभे आणि तीन आडवे पाइप वाढवून घेतले. जिप्समऐवजी सिमेंट बोर्ड घेतला तो ओलीमुळे. कूलर आणि इस्त्रीच्या वाफेत जिप्सम फुगण्याची भीती असते.

मग पत्र्याला वरून पांढऱ्या परावर्तक लेपाचे दोन हात. त्याआधी गंज घासणं, प्रायमर आणि सैल झालेले स्क्रू बदलणं. 'सैल झालेले' हा शब्द लक्षात ठेवा.

रॉकवूल ५० मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं, एका बाजूला ॲल्युमिनियम फॉइल असलेलं. फॉइल वर ठेवायचं की खाली, यावर ठेकेदाराशी अर्धा तास बोलणं झालं. वर ठेवलं तर पत्र्याकडून किरणांच्या रूपात येणारी उष्णता ते परतवतं, पण वर तोंड करून पडलेल्या फॉइलवर धूळ साचली की दोन-तीन वर्षांत ते काम थांबतं. खाली ठेवलं तर खोलीतली दमट हवा वर चढून गार पत्र्याला लागण्यापासून अडते. हिवाळ्यात पहाटे पत्रा बाहेरच्या हवेहूनही गार होतो, त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं, ते थेंब रॉकवूलमध्ये उतरतात, आणि ओलं रॉकवूल उष्णता अडवत नाही. इथे कूलर आणि इस्त्री दोन्ही वाफ सोडणारे. म्हणून फॉइल खाली, सगळे सांधे ॲल्युमिनियम टेपने बंद, आणि रॉकवूल व पत्रा यांच्यामध्ये इंचभर मोकळी जागा. उताराच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या पन्हाळीतून हवा खेळती राहील, पण उंदीर आणि गांधीलमाश्या शिरणार नाहीत, अशी बारीक जाळी मारली.

काम चालू असताना आत एकही कापड ठेवू दिलं नाही. रॉकवूलचे तंतू अंगाला खाजतात. नवरीच्या ब्लाउजमध्ये ते गेले असते तर ताईंचं नाव गावभर झालं असतं. कामगारांना मास्क आणि हातमोजे होते, ते त्यांनी माझी मोटारसायकल दिसली की घातले.

छत पाच इंच खाली आलं, त्यामुळे मधला पंखा काढून भिंतीवरचे दोन लावले. दक्षिणेच्या भिंतीत वर एक झरोका कापला, कूलरच्या तोंडाएवढा. हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. कूलर चालतो तो बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलून. आतली हवा बाहेर गेली नाही तर तीच हवा पुन्हा पुन्हा दमट होते आणि खोलीची न्हाणी होते. ताई धुळीमुळे दार बंद ठेवायच्या, म्हणजे कूलर इतकी वर्षं अर्धाच चालत होता.

दाराशेजारी एबीसी पावडरचा अग्निशामक आणि कातरणासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा, हे दोन्ही मी हट्टाने घ्यायला लावले. एकूण खर्च ५१ हजार ४०० रुपये.

निकाल

मे २०२५ मध्ये अवकाळी पावसाने मध्येच हवा गार केली आणि मोसमी पाऊसही मेच्या शेवटच्या आठवड्यातच महाराष्ट्रात पोचला. त्यामुळे मेशी मेची तुलना करून पाठ थोपटून घेणं खोटं ठरेल. म्हणून एप्रिलमधला एक कोरडा, बाहेर ४३ अंशांचा दिवस घेतो, आधीच्या मोजणीच्या तोडीचा. दुपारी दीड वाजता पांढऱ्या पत्र्याची वरची बाजू ५२ अंश. बोर्डाची खालची बाजू कूलर बंद असताना ३८. कूलर चालू केल्यावर अर्ध्या तासात खोली ३० वर. छतातून येणारी उष्णता, पाइपांमधून चोरवाटेने येणारी धरूनही, माझ्या हिशेबाने अर्ध्या किलोवॉटच्या आत आली. एसी लागलाच नाही.

मी खूश होतो. चार दिवसांनी ताईंचा फोन आला, "भाऊ, तवा गेला. भट्टी तशीच हाय."

साडेचार वाजता गेलो. पश्चिमेच्या पत्र्यावर काळी टेप लावली, गन धरली. ६० अंश. ती भिंत साधारण चौदा चौरस मीटरची. हिशेब केला तर ऐन चार-साडेचारला तिच्यातून तीन किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येत होती, म्हणजे जुन्या छताच्या जवळपास. खोली ३४ वर गेली होती आणि भिंतीकडे पाठ करून बसणाऱ्या दोघी खुर्च्या सरकवून टेबलाखाली शिरल्यासारख्या बसल्या होत्या.

माझी चूक साधी होती. अकोल्यात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर असतो. दीड वाजता तो थोडाच कललेला. त्या वेळी ऊन उभ्या भिंतीला नुसतं घासून जातं. चारनंतर तेच ऊन पश्चिमेच्या भिंतीवर जवळजवळ समोरून आदळतं. मी एकदाच मोजलं, आणि तेही छताच्या सगळ्यात वाईट वेळेला. ताईंनी पहिल्याच वाक्यात दोन वेळा आणि दोन जागा सांगितल्या होत्या. गन माझ्या हातात असल्यामुळे मी त्यांच्या पाठीवर विश्वास ठेवला नाही.

मोसमात पुन्हा काम काढणं शक्य नव्हतं. बोळीत पाइपांची चौकट उभी करून, भिंतीपासून फूटभर अंतरावर ग्रीन नेट ताणलं. बोळीमुळे वाऱ्याचा जोर कमी, त्यामुळे ते फाटलं नाही. खर्च २,८०० रुपये. भिंत ६० वरून ४९ वर आली, खोली साडेचारला ३१-३२. ही चौकट फेब्रुवारीतच उभी केली असती तर ती भट्टी एप्रिलमध्ये पेटलीच नसती. एप्रिलचा उरलेला हंगाम दिवसाला एकवीस ब्लाउजांच्या सरासरीने गेला. रात्रीचं काम सातला संपायचं. सोडून गेलेली बाई परत आली.

फायबरचा पत्रा बंद केल्याचा फटका वेगळ्याच बाजूने बसला. एलईडीखाली मरून आणि वाइन हे दोन रंग सारखे दिसतात. एका ब्लाउजला चुकीच्या रंगाची पायपिंग, म्हणजे कडेची पट्टी, लागली आणि गिऱ्हाइकाने ते दारात उघडून दाखवलं. त्यानंतर बायका दोरा जुळवायला ब्लाउज घेऊन अंगणात उन्हात जायच्या. शेवटी कटिंग टेबलावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० च्या वर असलेले दोन दिवे लावले. फरक पडला, पण दिवसाच्या उजेडाची सर नाही.

जुलैत गळती लागली. थेंब कटिंग टेबलावर, आणि त्याच्या बरोबर वर पत्रा शाबूत. तिघांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. दोन फेऱ्या फुकट गेल्यावर तिसऱ्यांदा भर पावसात मी छताखाली बॅटरी घेऊन बसलो. पाणी वरच्या टोकाकडच्या एका जुन्या स्क्रूच्या कडक झालेल्या वॉशरमधून शिरत होतं, रॉकवूलमधून खाली फॉइलवर उतरत होतं, फॉइलवरून उताराने सहा फूट वाहत येऊन भिंतीवरच्या दिव्याच्या वायरसाठी पाडलेल्या भोकातून खाली येत होतं. वेल्डिंगवाल्याने सांगितल्याप्रमाणे फक्त सैल स्क्रू बदलले होते. हा घट्ट होता, फक्त त्याचं रबर दहा उन्हाळ्यांनी भाजून निघालं होतं. दोन बोर्ड उतरवले, ओलं रॉकवूल बदललं, सगळे स्क्रू नव्या वॉशरसकट बसवले. ३,६०० रुपये, आणि ते कुणी द्यायचे यावर आठवडाभर फोन. शेवटी निम्मे ठेकेदाराने दिले, निम्मे मी.

एक फायदा कुणीच धरला नव्हता. पाऊस पडताना शेडमध्ये फोनवर बोलता येतं.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी दिवसातून तीनदा करायला हवी होती: अकरा, दीड आणि साडेचार. फार तर एक दिवस गेला असता. ती केली असती तर पैशाची वाटणी बदलली असती: छताला तेवढंच, भिंतीला निदान नेटची चौकट पहिल्यापासून, आणि कदाचित छताचा पांढरा लेप आधी करून, त्याने किती भागतं हे पाहून मग पुढचं. पांढरा लेप आणि रॉकवूल एकाच आठवड्यात केल्यामुळे कुणाचं किती श्रेय, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही.

फायबरच्या पत्र्याऐवजी उत्तरेच्या भिंतीत, कूलरच्या बाजूला, एक उंच खिडकी ठेवता आली असती. अकोल्यात उत्तरेच्या खिडकीतून भर दुपारचं थेट ऊन जवळजवळ येत नाही, आणि शिंप्याला हवा तसा स्थिर उजेड मिळतो. ताईंची नाराजी मी सवयीतली कुरकुर समजलो. त्यांचं कारण रंगाचं होतं, आणि मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

स्क्रू सगळेच बदलायचे. या शेडला साधारण दीडशे स्क्रू. नवे, स्वतःच भोक पाडत जाणारे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू ईपीडीएमच्या, म्हणजे ऊन सोसणाऱ्या कृत्रिम रबराच्या, वॉशरसकट घेतले तरी दोन-अडीच हजारांचं काम. रॉकवूल आणि बोर्ड एकदा चढले की छत डोळ्यांआड जातं, आणि डोळ्यांआडची गळती जिथे शिरते तिथे कधीच दिसत नाही. बोर्ड लावण्याआधी पाइपने पाणी मारून पाहिलं होतं, पण खालून, जमिनीवर उभं राहून आणि दहा मिनिटं. वरच्या टोकावरून अर्धा तास मारायला हवं होतं.

आणि हिशेब एकाच माणसाकडे. तीन ठेकेदारांत मिळून चार-पाच हजार वाचले असतील, ते गळतीने आणि माझ्या पेट्रोलने खाल्ले.

रॉकवूल निवडल्याचा मात्र पश्चात्ताप नाही. ऑक्टोबरात इस्त्रीची वायर भाजली आणि कातरणाच्या डब्याशेजारी पडलेलं एक अस्तर पेटलं. ताईंनी ते पायाने विझवलं, अग्निशामकाला हातही लावला नाही. बोर्डावर वीतभर काजळी आली. ती पुसायची की ठेवायची यावर घरात दोन मतं होती. सध्या ती आहे तशीच आहे.

पश्चिमेच्या भिंतीचं रॉकवूल होळीच्या आधी लावायचं ठरलं आहे. या वेळी ठेकेदार एकच आणि स्क्रू नवे. उत्तरेच्या खिडकीची चौकट वेल्डिंगवाल्याकडे पडून आहे. आता मापं मी घेत नाही. ताईंनी खडूने भिंतीवर आखून ठेवली आहेत.